निदानानंतरचे दिवस

आपल्या बोलण्यात ‘पसरणे’ हे क्रियापद तसे निरुपद्रवी आहे. अंगणात वाळवण पसरतात, मोगऱ्याचा वास पसरतो, गावात बातमी पसरते. परंतु डॉक्टरांच्या टेबलापलीकडून ‘पसरला आहे’ असे दोन शब्द आले की ऐकणाऱ्याच्या कानात पुढचे काही शिरत नाही. धर्मगुरू या नात्याने गेली एकोणतीस वर्षे मी अनेक कुटुंबांसोबत त्या टेबलाच्या अलीकडे बसलो आहे. त्या दोन शब्दांनंतर एखाद्या कर्त्या पुरुषाचा चेहरा कसा पडतो, पत्नीचा हात पदराकडे कसा जातो, हे मी जवळून पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी तेच शब्द माझ्याविषयी उच्चारले गेले. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग, आणि तो ओटीपोटातील दोन लसिकाग्रंथींपर्यंत पसरलेला, असे ते निदान होते. त्या वेळी मी पंचावन्न वर्षांचा होतो.

या विषयावर एका धर्मगुरूने लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. अवयवच असा की त्याचे नाव आपण चारचौघांत घेत नाही. मी लिहीत आहे तो नेमका त्याचसाठी. माझे वडील नगर जिल्ह्यातील एका खेड्यात शाळामास्तर होते. १९९४ साली, मी पुण्याच्या सेमिनरीत शिकत असताना, याच आजाराने ते गेले. घरात त्या आजाराला ‘कमरेचं दुखणं’ म्हणत. रोग हाडांत उतरला होता, म्हणून कंबर दुखत होती हे खरे. पण दुखण्याचे मूळ कोठे आहे, हे वडिलांनी कोणालाही सांगितले नाही. आईला त्या आजाराचे खरे नाव त्यांच्या मातीनंतर, कपाटातील कागदांवरून कळले. ‘मला सांगितलं असतं तर काय झालं असतं?’ हा तिचा प्रश्न तिच्या अखेरपर्यंत घरात राहिला. वडिलांना हा रोग झालेला असेल तर मुलाला तो होण्याचा संभव साधारण दुपटीने वाढतो. त्या कारणानेच मी रक्ताची तपासणी करून घेतली होती.

प्रथम आजार समजून घेऊ, कारण अर्धी भीती न समजण्याची असते. प्रोस्टेट, जिला शास्त्रीय मराठीत पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी होय. मूत्रनलिका तिच्यामधून जाते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ही ग्रंथी तयार करते. वयाबरोबर ती बहुतेक पुरुषांत वाढते; मग रात्री दोन-तीनदा उठावे लागते, लघवीची धार बारीक होते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. उलट कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला सुरू होत असल्याने आरंभी कोणतीच तक्रार नसते. ‘पीएसए’ नावाच्या रक्ततपासणीत काही सुगावा लागतो. पण हा आकडा साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही चढतो. म्हणून तेवढ्यावर निदान करीत नाहीत. ग्रंथीचे सुईएवढे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी किती उग्र आहेत हे सांगणारी मोजपट्टी डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६६ साली मांडली. तिच्यावर सहा म्हणजे सौम्य, दहा म्हणजे अतिशय उग्र. माझा आकडा आठ होता.

आता त्या लसिकाग्रंथींविषयी. लहानपणी पायात काटा मोडून पिकला की जांघेत दुखरी गाठ येई. आई म्हणे, ‘अवधाण आलंय, पायाची जखम बघ.’ जखम पायाला आणि गाठ जांघेत, हे कोडे तेव्हा उलगडत नसे. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या अतिशय बारीक वाहिन्यांचे एक जाळे असते. त्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी लहान-लहान गाठी असतात. गाळणीने चहाचा चोथा अडवावा तसे या गाठी जंतू आणि परक्या पेशी अडवतात. या साऱ्या शरीरात काहीशे असतात, आणि निरोगी माणसाला त्यांचा पत्ताही नसतो. प्रोस्टेटमधून सुटलेली कर्करोगाची पेशी याच वाटेने निघते आणि पहिल्या गाठीत अडकते. कधी ती तेथे मरते. कधी तेथेच रुजते. अवधाण दुखते, म्हणून ध्यानात येते. ही गाठ बहुधा दुखत नाही, आणि ओटीपोटात खोल असल्यामुळे हातालाही लागत नाही. ती शोधण्यासाठी अलीकडे ‘पीएसएमए पेट’ नावाचे चित्रण करतात. प्रोस्टेटच्या पेशींना चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि ते जेथे गोळा होईल तेथे चित्रात ठिपका उजळतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या चित्रणाची अचूकता ९२ टक्के, तर जुन्या पद्धतीच्या स्कॅनची ६५ टक्के आढळली. माझ्या चित्रात उजव्या बाजूला दोन ठिपके होते.

अहवालावर ‘चौथी अवस्था’ असे छापलेले होते. हा शब्द घरोघरी मृत्युपत्रासारखा वाचला जातो, म्हणून त्याचा अर्थ नीट सांगतो. प्रोस्टेटच्या कर्करोगात चौथ्या अवस्थेचे दोन भाग आहेत. रोग ओटीपोटातील, म्हणजे ग्रंथीच्या शेजारच्या, लसिकाग्रंथींपर्यंतच गेला असेल तर तो पहिला भाग. त्यापलीकडच्या गाठींत, हाडांत किंवा अन्य अवयवांत पोहोचला असेल तर तो दुसरा. दोन्हींना ‘चौथी’च म्हणतात, पण दोन्हींचे उपचार आणि दोन्हींची आशा सारखी नसते. पहिल्या भागातील रुग्णावर रोग बराच काळ, कधी कायमचा, आटोक्यात आणण्याच्या उद्देशाने उपचार केले जातात. दुसऱ्या भागातही अलीकडच्या औषधांनी वर्षे वाढली आहेत. डॉक्टरांनी मला कागदावर आकृती काढून हे दाखवले आणि म्हणाले, ‘फादर, घर सोडून तो अंगणात आलाय. गावभर गेलेला नाही.’ एवढ्या साध्या वाक्याने मला त्या रात्री झोप आली. ज्या कुटुंबाला अशी आकृती काढून मिळत नाही, त्याने ती मागून घ्यावी. ‘पसरला’ म्हटल्यावर विचारायचा पहिला प्रश्न ‘किती दिवस उरले?’ हा नसून ‘कोठवर पसरला?’ हा आहे.

आमच्या तुंगार्लीशेजारी वळवणचे धरण आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचे खोपोली येथील वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि लोणावळ्याच्या डोंगरावरचे पाणी घाटाखाली उतरून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवू लागले. त्याच घराण्यातील सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. येथेही या रोगावर उपचार करणारी संस्था व्हावी, ही दोराबजींची इच्छा. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने ती इच्छा पुरी केली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. योगायोग असा की त्याच १९४१ साली शिकागोतील डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले की प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषाच्या शरीरातील अंतःस्रावावर पोसला जातो आणि तो स्राव बंद केला की रोग मागे हटतो. या शोधासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. आजही या रोगाच्या पसरलेल्या अवस्थेतील उपचारांचा पाया हाच आहे.

माझ्याही उपचारांची वाट परळकडेच गेली. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, रोज रिकाम्या पोटी गोळ्या, आणि ओटीपोटावर किरणांचे पंचवीस दिवस. लोणावळ्याहून रोज जाऊन येणे शक्य नसल्याने ते पाच आठवडे मी मुंबईत धर्मगुरूंच्या निवासात राहिलो. किरणे घेताना मूत्राशय भरलेले असावे लागते, म्हणून आम्ही सारे रुग्ण बाकावर पाण्याच्या बाटल्या घेऊन बसत असू. परभणीकडचा एक शेतकरी, रत्नागिरीचे निवृत्त शिक्षक, भायखळ्याचा एक मुसलमान शिंपी आणि मी. ओळख विचारायची पद्धत ठरलेली होती : ‘तुमचं कितवं?’ कोणी म्हणे सातवे, कोणी एकोणिसावे. शेवटच्या दिवशी प्रत्येकजण पेढे आणी. सेमिनरीत मी समुदायजीवनावर पुष्कळ व्याख्याने ऐकली होती. त्या बाकावर मात्र, लाज एकच असल्यामुळे, आम्ही चौघे आठवडाभरात एकमेकांचे झालो. घरी मुलाशी ज्या गोष्टी त्या शेतकऱ्याने कधी काढल्या नव्हत्या, त्या तो आमच्याशी मोकळेपणाने बोले.

त्या किरणांमागे मुंबईच्याच संशोधनाचा आधार आहे, हे मला नंतर कळले आणि अभिमान वाटला. टाटा मेमोरियलमध्ये २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांच्या लसिकाग्रंथींत रोग दिसत नव्हता, पण लपलेला असण्याचा धोका मोठा होता. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटवर, तर निम्म्यांना ओटीपोटातील लसिकाग्रंथींवरही किरणे दिली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न चढलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१ टक्के, तर दुसऱ्या गटात ९५ टक्के होते. एकूण जगण्याच्या कालावधीत तोवर फरक दिसला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण रोग जेथे हमखास परततो ती वाट या उपचाराने बऱ्याच अंशी अडवली जाते. माझ्या गोळ्यांचे नाव ॲबिरॅटेरोन. इंग्लंडमधील ‘स्टॅम्पीड’ या मोठ्या अभ्यासात रोग लसिकाग्रंथींत गेलेले किंवा इतर कारणांनी धोका मोठा असलेले, परंतु दूर न पसरलेले रुग्ण घेतले होते. इंजेक्शनाच्या जोडीला दोन वर्षे या गोळ्या दिल्यावर सहा वर्षांनी १०० पैकी ८६ रुग्ण हयात होते; गोळ्या नसलेल्यांपैकी ७७. भारतीय कंपन्या हे औषध बनवू लागल्यापासून त्याची किंमतही पुष्कळ उतरली आहे. ज्यांना इंजेक्शनांचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी वृषणे काढण्याची एकवेळची लहान शस्त्रक्रिया आहे, आणि तिचा परिणाम इंजेक्शनाइतकाच खात्रीचा आहे.

आता जे सांगायचे ते सांगताना लेखणी थोडी अडखळते. या उपचाराने पुरुषाच्या अंगातला पुरुषी स्राव जवळजवळ शून्यावर येतो. अचानक अंगातून उष्ण लाटा उठतात, घाम फुटतो. स्नायू सैल पडतात, हाडे विरळ होतात, पोट सुटते, मन विनाकारण भरून येते. आणि वासना नाहीशी होते. डॉक्टरांनी हे मला सांगितले तेव्हा किंचित संकोचून ते म्हणाले, ‘अर्थात, फादर, तुमच्या बाबतीत हा प्रश्न तसा...’ आणि वाक्य अर्धवट सोडले. त्यांचा हेतू चांगला होता. पुष्कळांना तसेच वाटले असणार.

मलाही प्रथम तसेच वाटले होते. सेमिनरीत असताना, तारुण्याच्या ऐन भरात, मी देवाकडे या शांततेसाठी प्रार्थना करीत असे. आता ती शांतता तीन महिन्यांच्या एका सुईतून आली. आणि आल्यावर मला ती ओळखू येईना. आतून एक खोली रिकामी केल्यासारखे झाले. मग हळूहळू उमजले की गुरुदीक्षेच्या दिवशी मी बिशपांच्या हातांत जे वचन ठेवले, ते इच्छा नसल्याचे वचन नव्हते. इच्छा होती, म्हणूनच तिला देणगीचे मोल होते. ज्याच्या घरात धान्यच नाही त्याने उपवास केला असे आपण म्हणत नाही. ब्रह्मचर्य म्हणजे प्रेमाचा प्रवाह आटवणे नव्हे, तो दुसरीकडे वळवणे होय. आणि येथे तर औषधाने झराच बंद केला होता. मग आता माझ्या वचनाचे काय उरले? अनेक आठवडे हा प्रश्न मिस्सा अर्पण करताना माझ्यासोबत वेदीवर असे.

उत्तर मला पुस्तकातून मिळाले नाही, रोजच्या कामातून मिळाले. आजारी म्हातारीच्या घरी जायला मी पूर्वीप्रमाणेच निघत होतो. पहिल्या कम्युनियनच्या मुलांचा गोंगाट पूर्वीप्रमाणेच आवडत होता. एखाद्याच्या घरातील भांडण ऐकून पूर्वीप्रमाणेच जीव तुटत होता. स्राव गेला तरी माणसांविषयीची ओढ गेली नव्हती. मी ज्याला इतकी वर्षे प्रेम म्हणत आलो, ते सारेच्या सारे त्या स्रावावर अवलंबून नव्हते, याचा पुरावाच मला या आजाराने दिला. जे एकदा दिले ते आता रोज नव्याने, रिकाम्या हातांनी द्यायचे, एवढाच फरक पडला.

ही गोष्ट केवळ धर्मगुरूंची असती तर मी ती डायरीतच ठेवली असती. पण याच तुंगार्लीत एक जोडपे आहे; त्यांच्या संमतीने लिहितो. पती रेल्वेतून निवृत्त, त्यांनाही हाच आजार, हीच इंजेक्शने. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांत ते बाहेरच्या खोलीत झोपू लागले. बोलणे तुटक झाले. पत्नीने मला येऊन विचारले, ‘फादर, चाळीस वर्षांत माझं काय चुकलं?’ त्यांना औषधाच्या परिणामांविषयी कोणी काही सांगितलेच नव्हते, आणि पतीला आपल्या तोंडाने सांगण्याची लाज वाटत होती. आपल्यापाशी देण्यासारखे काही राहिले नाही, म्हणून जवळही जायचे नाही, असा त्यांनी हिशोब केला होता. मी त्यांना एवढेच म्हणालो, ‘बाबा, मी एकोणतीस वर्षे त्याच्याशिवाय माणसांवर प्रेम करतोय. जमतं. तुम्ही निदान त्यांचा हात तरी हातात घ्या.’ ते पुष्कळ वेळ खाली पाहत बसले, मग हसले. संसारी माणसाला ब्रह्मचाऱ्याने द्यावा असा सल्ला माझ्याजवळ फार नाही; हा एक मात्र होता. आज ते दोघे संध्याकाळी फिरायला जातात. डॉक्टरांनी हाडांसाठी चालायला सांगितले आहे, हे निमित्त.

आजार लपवण्यात मानसन्मान आहे, असे आपल्या पुरुषांना वाटते. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांना हाच रोग असल्याचे १९९७ साली कळले. त्या वेळी ते देशाच्या सत्य व सलोखा आयोगाचे अध्यक्ष होते; साऱ्या जगाचे डोळे त्यांच्यावर होते. त्यांनी तो लपवला नाही आणि कामही सोडले नाही. रोग अधूनमधून परतला, उपचार पुन्हा झाले, आणि २०२१ च्या डिसेंबरात नव्वदाव्या वर्षी ते निवर्तले. निदानानंतरची चोवीस वर्षे त्यांनी उघड्या नावाने जगून दाखवली.

येथे मला आपल्या ख्रिस्तसभेतील एक गोष्ट आठवते. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाला पूर्वी ‘अंतिम’ हे विशेषण होते. धर्मगुरू पवित्र तेल घेऊन दारात आला की घरात रडारड सुरू होई. म्हणून कुटुंबीय त्याला अगदी अखेरच्या घटकेपर्यंत बोलावीतच नसत, आणि रुग्णाला तो संस्कार शुद्धीत मिळतच नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने ठरवून दिला. तो आजाऱ्याला बळ देण्यासाठी आहे, निरोप देण्यासाठी नाही. इतकी वर्षे लोटूनही तेलाची कुपी पाहून दचकणारी घरे मला भेटतात. ‘पसरला’ या शब्दाचे तसेच झाले आहे. तो मध्यावर उच्चारला जातो आणि आपण तो अखेर म्हणून ऐकतो. उपचार सुरू होण्याआधीच्या रविवारी मी तो संस्कार घेतला, भर मिस्सेत, सर्वांसमक्ष. लोकांना काय आजार आहे तेही नाव घेऊन सांगितले. दुसऱ्या दिवसापासून तीन पुरुष वेगवेगळ्या वेळी, मागच्या दाराने, मला भेटायला आले. तिघांनाही लघवीची तक्रार होती आणि तिघांच्याही घरी ती ठाऊक नव्हती.

गोळ्या आता थांबल्या आहेत. इंजेक्शने आणखी एक वर्ष चालतील. पीएसए अगदी तळाला आहे. पुढे तो तेथेच राहील की चढेल, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मीही विचारीत नाही. सकाळी तुंगार्लीच्या धरणापर्यंत चढून जातो, दूध आणि नाचणी घेतो, हाडांची तपासणी चुकवीत नाही.

वाचकांतील पुरुषांना माझी विनंती आहे. पन्नाशी उलटली असेल, किंवा वडिलांना वा भावाला हा रोग झाला असल्यास पंचेचाळिशी उलटली असेल, तर पीएसए तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलून घ्या. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करा. निदान झालेच तर पत्नीला त्याच दिवशी सांगा, आणि आजाराचे नाव घेऊन सांगा. मुलगे मोठे असतील तर त्यांनाही सांगा. ती माहिती त्यांच्या वारशाचा भाग आहे. आणि पत्नींनो, पती अबोल झाला तर ‘माझं काय चुकलं’ असे स्वतःला विचारण्याआधी ‘औषधाने तुम्हाला काय होतंय’ असे त्याला विचारा. परमेश्वराने आपल्याला जे आयुष्य दिले आहे, ते थोडे असो वा फार, एकमेकांना ठाऊक असलेल्या दुखण्यानिशी जगलेले बरे.